‘बो स्वार’ सात महिने गायल्यावर (आणि ट्रॅकवाल्यांशी भांडल्यावर)

आधी भांडण सांगते, म्हणजे डोकं शांत होईल. ‘बो स्वार’ (म्हणजे ‘सुंदर संध्याकाळ’) या फ्रेंच गाण्याचा नुसत्या पियानोचा ट्रॅक ऑनलाइन विकत घेतला, ४४९ रुपये मोजून. ‘मध्यम आवाजासाठी’ असं ढळढळीत लिहिलं होतं. फाईल लावली तर मूळचीच उंच पट्टी, ई मेजर! चार मेल केले, चारही वेळा तेच उत्तर: डिजिटल माल परत घेत नाही. संगीतकार देब्युसी १९१८ साली गेला, कवी पॉल बूर्जे १९३५ साली, म्हणजे दोघांचा कॉपीराइट कधीच संपलाय. त्यामुळे नोटेशन नेटवर फुकट आणि राजरोस मिळतं. प्रिंटचे दहा रुपये पडले. तेवढ्यावर भागवायला हवं होतं.

गाणं माहीत असेलच, जेमतेम अडीच मिनिटांचं. कविता १८८२ च्या संग्रहातली, गाणं छापलं गेलं १८९१ मध्ये. संध्याकाळी नद्या गुलाबी झाल्यात, गव्हाच्या शेतावरून ऊबदार शिरशिरी जातेय, तरुण आहोत तोवर सुख चाखा, कारण आपणही या लाटेसारखेच चाललोय: ती समुद्राकडे, आपण थडग्याकडे.

माझी खरी तक्रार एका अक्षराबद्दल आहे. फ्रेंचच्या क्लासला बाईंनी दोन वर्षं शब्दाच्या शेवटचा ‘ए’ गिळायला शिकवलं. ‘रोझ्’ म्हणजे गुलाबी. झ वर थांबायचं, पुढे काही नाही. असं गिळत गिळत मी परीक्षाही पास झाले. आणि इथे पहिल्याच ओळीच्या शेवटी त्या गिळलेल्या अक्षराला स्वतंत्र सूर! ‘रो’ आणि मग ‘झ’. तसंच पुढे ‘शोझ’, ‘मोंद’, ‘ओंद’. मी जुलैभर ‘रोझा’, ‘शोझा’ म्हणत होते. कुणालाही दोन बहिणींची नावं वाटावीत. लष्कर भागातल्या ज्या बाई मला पियानोची साथ करतात, त्या दरवेळी तिथेच थांबायच्या. तासाचे सहाशे रुपये, आणि त्यातली वीस मिनिटं एका ‘झ’वर. तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर दोनच तारे दिले असते.

मत बदललं ते आईमुळे. ती भजनी मंडळात जाते. बोलताना ती ‘विठ्ठल्’ म्हणते, पण टाळ हातात आला की तोच ल पुरता अ घेऊन उतरतो, आणि तो उतरला नाही तर टाळ अडखळेल. आपण ‘घर’ म्हणताना र पायमोडका उच्चारतो, तरी वृत्तात मात्रा दोनच धरतो ना? मग फ्रेंचांवर एवढं का चिडायचं?

त्या रात्री पहिल्या ओळीची अक्षरं बोटांवर मोजली. लॉर्स-को-सो-लेय-कू-शाँ-ले-रि-व्हिए-र-सों-रोझ. बारा. ‘रिव्हिएर’ (नद्या) ओळीच्या मधे आहे, म्हणून त्याच्या शेवटचा ‘र’ हिशेबात धरलाय. ओळीच्या टोकाचा ‘झ’ मात्र कवी मोजतच नाही. म्हणजे तेरावा सूर फुकटचा. फुकट म्हटल्यावर माझा राग निवळला, हे मान्य करते.

आता तो सूर मी ‘आ’ न करता, ओठ किंचित गोल ठेवून, जवळजवळ सोडून देते. दिवा मालवल्यावर वात क्षणभर लाल राहते ना, तेवढंच. आणि तो नीट जमल्यावर शेवटाकडे लक्ष गेलं. ‘तोंबो’ म्हणजे थडगं, आणि त्याला असं शेपूट नाही. ‘बो’ म्हणजे सुंदर, त्यालाही नाही. गाण्यातला सगळ्यात उंच सूर त्या ‘बो’वर आहे, शेवटचा शब्द ‘तोंबो’. सुंदर संध्याकाळ थडग्याच्या पोटातच बसलीय. सात महिने तोंडाने म्हणत होते, पण कानाला डिसेंबरात कळलं.

पियानोबद्दल थोडक्यात: तो तीन-तीनच्या गटांत वाहतो, आपण त्यावर बरेचदा दोन-दोन म्हणायचे. तबला शिकलेल्यांना हे आडीचं, म्हणजे दोनावर तीन बसवायचं काम नवीन नाही, मला तर भाचा ताल धरून बसला तेव्हा एका रविवारात जमलं. विकतच्या ट्रॅकवर मात्र नाही जमलं, कारण ट्रॅक थांबत नाही. ‘बो’नंतर श्वास घ्यायला साथीदाराने जरा रेंगाळावं लागतं. बाई रेंगाळतात. सहाशे रुपये त्याचे आहेत, असं आता वाटतं.

व्हायोलिनवादक हायफेट्झने याचं व्हायोलिनसाठी रूपांतर केलंय, तेही ऐकलं. देखणं आहे. पण तिथे गिळायचं अक्षरच नाही, म्हणून माझ्या कानाला काहीतरी हरवल्यासारखं झालं. जुलैमध्ये मला हे कुणी सांगितलं असतं तर हसले असते.

घ्यायचं असेल तर आपल्या पट्टीतलं नोटेशन उतरवून घ्या आणि माणूस साथीला बसवा. गाण्याला साडेचार तारे. अर्धा ‘रिव्हिएर’साठी कापलाय, तिथला ‘र’ अजून कधीकधी गिळला जातो. ट्रॅकला शून्य. पाचवा मेल काल पाठवलाय.