बाईकची बॅटरी उतरली आणि १३,०४९ रुपयांना फसलो, तुम्ही तरी फसू नका

मित्रांनो, तीन आठवडे हे बायकोशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. ऑफिसमध्ये कुणी विचारलं तर "गाडीचं काम निघालंय" एवढंच बोलायचो. पण परवा आमच्याच सोसायटीतला एक मुलगा मला फसवणाऱ्या मेकॅनिकचाच नंबर फोनमध्ये काढून "याला बोलवू का, घरी येतो म्हणे" असं विचारत होता, तेव्हा राहवलं नाही. म्हणून सगळं लिहितोय, आकड्यांसकट.

माझी गाडी २०२१ ची, बीएस६, फ्युएल इंजेक्शनवाली. वडिलांचं मिरजेला ऑपरेशन होतं, त्यासाठी १९ दिवस गावाकडे होतो, गाडी इथे पिंपरी-चिंचवडला पार्किंगमध्ये उभी. परत आलो, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघालो, चावी फिरवली तर मीटर मंद लागला आणि सेल्फ मारल्यावर सीटखालून नुसतं कट-कट-कट. किक या गाडीला नाहीच. वॉचमन आणि मी मिळून धक्का मारून बघितला, काही उपयोग नाही, कारण बॅटरी पूर्ण झोपली असेल तर या गाड्यांचा पेट्रोल पंपच चालत नाही, हे मला नंतर कळलं. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीवर आम्ही धक्का मारून कॉलेज काढलं, तीच सवय.

इथेच मी गडबड केली. बॅटरी काढून कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याकडे रात्रभर चार्जिंगला ठेवायची एवढंच काम होतं, शंभर-दीडशेत झालं असतं. पण वडिलांना दोन दिवसांत ड्रेसिंगसाठी परत आणायचं होतं, ऑफिसला आधीच १९ दिवस सुट्टी झालेली, डोकं ठिकाणावर नव्हतं. फोनवर "दारात येऊन बाईक रिपेअर" शोधलं, जो पहिला आला त्याला लावला.

पोरगा तासाभरात आला. टी-शर्टवर नाव छापलेलं, हातात टूलबॉक्स, बोलणं एकदम गोड, प्रत्येक वाक्याला सर. व्हिजिट चार्ज २९९. सीट काढली, बॅटरीच्या दोन टोकांवर पाना टेकवला, ठिणगी आली नाही, म्हणाला "सर, सेल मेला, आता चार्ज नाही होणार." माझी बॅटरी फक्त १४ महिने जुनी होती, १,९८० ला घेतलेली, वॉरंटी शिल्लक होती. हे मी त्याला सांगितलं सुद्धा. तर म्हणे "वॉरंटीत कंपनी १५ दिवस घेते सर, तोपर्यंत गाडी उभीच." मला दुसऱ्या दिवशी गाडी पाहिजे होती. त्याने डिकीतून "नवीन" बॅटरी काढली, २,३५० रुपये, जुनीचे २५० वजा, म्हणजे २,१०० दिले. आणि माझी चांगली, वॉरंटीतली बॅटरी तो २५० रुपयांत घेऊन गेला. हे लिहिताना आत्ता सुद्धा हात थरथरतोय.

त्या "नवीन" बॅटरीचे टर्मिनल मी बघितले होते. शिशाचे, चकचकीत, पण स्क्रू जिथे बसतो तिथे गोल वॉशरचा दाबलेला वळ आणि बाजूने दोन ओरखडे. नवीन बॅटरीच्या टर्मिनलला कधी स्क्रू लागलेलाच नसतो, मग वळ कुठून येणार? मी बघितलं आणि मनात म्हटलं पॅकिंगमध्ये लागलं असेल. स्टिकर नवा कोरा होता, पण खाली प्लास्टिकवर जिथे तारखेचा कोड उमटवलेला असतो तिथे पॉलिश पेपरने घासलेलं खडबडीत लागत होतं. बॅटरी घेताना बोट फिरवून बघा. कोड घासलेला असेल तर घेऊच नका, मग तो काहीही सांगो.

तिसऱ्या दिवशी सकाळी परत कट-कट. फोन केला तर स्वतःच म्हणाला "सर मग प्रॉब्लेम गाडीत आहे, नाहीतर नवी बॅटरी कशी उतरेल?" आणि मला ते पटलं. तुम्हीच सांगा, तुम्हाला नसतं पटलं? नवी बॅटरी दोन दिवसांत उतरली तर कोणीही गाडीवरच संशय घेणार. त्या डावाची मेख इथेच आहे. आधी मेलेली बॅटरी विकायची, मग ती उतरल्यावर अख्खी वायरिंग बदलायची.

तो आला, त्याच्याकडच्या बॅटरीवरून जंप देऊन गाडी चालू केली, मल्टीमीटर लावला, अ‍ॅक्सिलरेटर दिला आणि मीटर माझ्या तोंडासमोर धरला. १४.२. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. आणि तो म्हणतो, "बघा सर, बॅटरी १२ व्होल्टची आणि आत १४ चाललेत. ओव्हरचार्जिंग. मॅग्नेट कॉइल आणि रेक्टिफायर गेलं, म्हणून बॅटरी उडतेय. आता ईसीएम जळायच्या आत करून घ्या." (मॅग्नेट कॉइल इंजिन फिरताना वीज बनवते, रेक्टिफायर ती बॅटरीला चालेल अशी करून देतो, आणि ईसीएम म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर.)

१४.२ म्हणजे चार्जिंग ठणठणीत! १२ व्होल्टच्या बॅटरीत करंट ढकलायचा तर १२ पेक्षा जास्त लागणारच, साडेतेरा ते साडेचौदा हे नॉर्मल आहे. १५ च्या वर गेलं तर रेक्टिफायरवर संशय घ्यायचा, आणि अ‍ॅक्सिलरेटर देऊनही १२-साडेबारावरच अडकून राहिलं तर कॉइल, रेक्टिफायर, कपलर (वायरींचा जोड) बघायचे. गाडी निर्दोष असल्याचा पुरावा त्याने माझ्या तोंडासमोर धरला आणि त्याच पुराव्यावर मला दहा हजारांचं काम विकलं. मी बी.कॉम. झालेला माणूस, पतपेढीत हिशोब बघतो, व्होल्टशी माझा संबंध नाही. पण फोन माझ्या खिशात होता, दोन मिनिटं बाजूला होऊन बघितलं असतं तर कळलं असतं. तेवढी दोन मिनिटं मी घेतली नाहीत. झोपेत सुद्धा मला तो आकडा दिसतो.

गाडी टेम्पोत टाकून नेली, टेम्पोचे ६००. "वर्कशॉप" म्हणजे पत्र्याचं शेड, तिथे आत येऊ देत नव्हते, "सर ऑइल-बिइल लागेल, बाहेर बसा." दोन दिवसांनी हिशोब आला: मॅग्नेट कॉइल ३,४००, रेक्टिफायर २,४५०, वायरिंग १,८००, ईसीएम रिसेट ९००, मजुरी १,५००. एकूण १०,०५०. बायको म्हणाली होती, "अहो, नव्या पार्टचे बॉक्स मागा आणि जुने पार्ट परत घ्या." मी मागितले. बॉक्स "कचऱ्यात गेले", जुनी कॉइल मात्र त्याने लगेच काढून दिली, काळी पडलेली, जळका वास येणारी. ती हातात घेतल्यावर माझा उरलासुरला संशय गेला. पैसे यूपीआयने गेले, समोर नाव भलत्याच कुणाचं तरी आलं, तेव्हा म्हणाला "मालकांचं अकाउंट आहे सर." बिलाच्या जागी एक चिठ्ठी, वर "एस्टिमेट" छापलेलं, ना जीएसटी नंबर, ना पत्ता.

गाडी सहा दिवस चालली. रविवारी बाहेर काढली नाही, सोमवारी सकाळी परत तेच.

यावेळी निगडीच्या बाजूला एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, वय साठीच्या पुढे, दुकान जेमतेम एका स्कूटरएवढं, त्यांच्याकडे मेहुण्याने नेलं. काकांनी काही न बोलता आधी गाडी बंद असताना बॅटरीवर मीटर लावला, १२.१. भरलेली असेल तर १२.६-१२.७ पाहिजे. मग सेल्फ दाबायला सांगितला, आकडा धाडकन ७.८ वर आला. धडधाकट बॅटरी सेल्फ मारताना साधारण १० च्या खाली जात नाही. म्हणजे बॅटरी गेलेली. मग दुसरी बॅटरी लावून गाडी चालू केली, रेस दिली, मीटर वळवून मला दाखवला.

१४.२.

तोच आकडा! १०,०५० रुपये खर्च करायच्या आधी १४.२ आणि खर्च केल्यावर १४.२. काका म्हणाले, "दादा, चार्जिंग मस्त आहे, हिला हात लावायची गरजच नव्हती." मी म्हटलं कॉइल नवीन आहे. त्यांनी इंजिनाच्या डाव्या बाजूच्या कव्हरचे बोल्ट दाखवले, कंपनीतून येताना बोल्टवर जो रंगाचा ठिपका मारतात तो प्रत्येक बोल्टवर न तुटता जसाच्या तसा, कडेला तीन पावसाळ्यांचा चिखल वाळलेला. ते कव्हर काढल्याशिवाय कॉइल निघत नाही. रेक्टिफायरवर सुद्धा तीच धूळ. मी पिशवीतून जळकी कॉइल काढून दिली, त्यांनी एका नजरेत सांगितलं की ही छोट्या शंभर सीसी गाडीची, हिला एक पिवळी वायर आणि एक पांढरी, तुमच्या गाडीच्या कपलरमध्ये तीन पिवळ्या आहेत. तिथे स्टुलावर बसलो मी थोडा वेळ. पाणी त्यांनीच दिलं.

मूळ बिघाड शोधायला त्यांना दहा मिनिटं लागली. चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, वायर आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर अँपिअरवर लावला. गाडी बंद असताना १-२ मिलिअँपिअर दिसायला हवे, इथे २२. हँडलवर मी दोन महिन्यांपूर्वी मोबाईल चार्जर बसवून घेतला होता, अ‍ॅक्सेसरीवाल्याने तो डायरेक्ट बॅटरीवर जोडलेला, चावी बंद केली तरी तो चालूच. त्याचा फ्यूज काढला, आकडा लगेच १ वर. हिशोब मी घरी येऊन मांडला: २२ मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला अर्ध्या अँपिअर-अवरपेक्षा थोडं जास्त, १९ दिवसांचे झाले १०. माझी बॅटरीच ९ अँपिअर-अवरची, म्हणजे पूर्ण उतरली. रोज गाडी चालायची तेव्हा भरून निघत होतं म्हणून कधी कळलं नाही. (हे घरी करून बघणार असाल तर मीटर असा लावलेला असताना चावी फिरवू नका, सेल्फ तर अजिबात दाबू नका, मीटरचा फ्यूज उडतो.) काकांनी चार्जर रिले (चावीने चालणारा स्विच) टाकून चावीवर घेतला, म्हणजे चावी बंद की चार्जर बंद, आणि २५० रुपये घेतले. बॅटरी बिल घेऊन दुकानातून आणली, २,०४० रुपये.

मग मी शेडवर गेलो. तो ओळख सुद्धा दाखवेना. मग म्हणे "सर आमची सहा महिने वॉरंटी होती, पण तुम्ही बाहेर गाडी खोलली, वॉरंटी गेली." आवाज चढवला तर आतून अजून तिघं आले.

चौकीत गेलो. दीड तास बसवलं. चिठ्ठी बघून म्हणाले यावर पत्ता नाही, नाव नाही, तक्रार कुणाविरुद्ध घ्यायची? म्हटलं शेड दाखवतो, चला. "साहेब, गाडी तुम्ही स्वतः दिली, पैसे स्वतः दिले, मारहाण नाही, चोरी नाही, हे दिवाणी आहे." न बसवलेल्या पार्टचे पैसे घेणं दिवाणी कसं? दुसऱ्याच्या गाडीची जळकी कॉइल माझी म्हणून हातात देणं ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे फसवणुकीचं, मी वाचून गेलो होतो, बोललो तर "तुम्ही वकील आहात का" असं विचारलं. साधा अर्ज घेऊन पोच द्या म्हटलं तर शिक्का मारणारा माणूस जेवायला गेलेला. दुसऱ्या दिवशी गेलो तर वेगळे साहेब, परत पहिल्यापासून सगळं. एका हेल्पलाइनवर फोन केला, त्यांचं म्हणणं तुम्ही सेवा घेतलीत म्हणून हा ऑनलाइन फ्रॉड नाही. दुसऱ्या हेल्पलाइनने नंबर दिला, आठ दिवसांनी मेसेज आला की समोरच्या पार्टीची माहिती अपुरी, तक्रार बंद. यूपीआय आयडी मी दिलेला आहे, मोबाईल नंबर दिलेला आहे, शेडचा फोटो दिलेला आहे, अजून काय माहिती पाहिजे? त्याची कुंडली? चार अर्धे दिवस रजा गेली माझी. तो तिकडे रोज एकाला कापतोय आणि मी इकडे झेरॉक्स काढत फिरतोय.

आता ग्राहक आयोगात ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून तक्रार टाकतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे उशीर झाला म्हणून कुणी सोडून देऊ नका. काकांनी त्यांच्या लेटरहेडवर लिहून दिलंय की कव्हर कधी उघडलेलंच नाही. बोल्टचे फोटो तारखेसकट काढून ठेवलेत.

तुमची गाडी कुणाकडे देणार असाल तर आधी बोल्टचे, रेक्टिफायरचे, बॅटरीच्या कोडचे फोटो काढा. जुनी बॅटरी वॉरंटी कार्ड तपासल्याशिवाय कुणाला देऊ नका. पाचशे रुपयांत मल्टीमीटर मिळतो, घेऊन ठेवा. टर्मिनल ढिले असले किंवा त्यावर पांढरं-हिरवं साचलं असलं तरी असंच कट-कट होतं, आधी ते घासून घट्ट करा, मुख्य फ्यूज बघा, मग मेकॅनिक. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून "टेस्ट" करायला कुणी हात घातला तर तिथेच थांबवा, ईसीएम त्यानेच उडू शकतो. गाडी आठवड्यापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर निगेटिव्ह वायर काढून जा.

ती ओरखड्यांची बॅटरी आणि जळकी कॉइल आमच्या बाल्कनीत गोणपाटात बांधून ठेवलीय. बायको म्हणते भंगारात घाला, बघवत नाही. आयोगात तारीख लागेपर्यंत मी ती देणार नाही. त्याच शेडवर आणखी कुणाचं असं झालं असेल तर चिठ्ठी आणि यूपीआयची पावती जपून ठेवा आणि मला कळवा, दोघं-तिघं एकत्र गेलो तर चौकीत निदान आमचा अर्ज तरी घेतील.