पीएस५ साठी ‘हीटसिंकसकट’ एसएसडी घेताय? आधी माझे १३६ डॉलर कुठे गेले ते वाचा

डोकं अजून तापलेलंच आहे, त्यामुळे सगळं क्रमाने येईल असं नाही. माझ्या पीएस५ मध्ये, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ५ या गेम कन्सोलमध्ये, जागा वाढवायला एसएसडी (आत बसवायचा वेगवान स्टोरेज ड्राइव्ह) ऑनलाइन घेतला, तोही हीटसिंकसकट, म्हणजे ड्राइव्हची उष्णता काढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीसकट. १२९ डॉलर ९९ सेंटचा एसएसडी, वर ६ डॉलर ५० सेंट शिपिंग, एकूण १३६ डॉलर ४९ सेंट गेले. परत काय मिळालं? एक तिकीट नंबर आणि “वी व्हॅल्यू युवर फीडबॅक”.

“कन्सोलला ॲड-ऑन घ्यावंच कशाला” म्हणणाऱ्यांनी जरा थांबा, कारण मीही तुमच्यातलाच आहे. एक्सबॉक्सचं हालचाली ओळखणारं किनेक्ट २०१० मध्ये आलं, ६० दिवसांत ८० लाख खपलं आणि २०१७ ला बनवणंच बंद झालं. सेगाचं ३२एक्स हे ॲड-ऑन १९९४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत आलं आणि त्याच महिन्यात जपानमध्ये सेगाचाच नवा कन्सोल सॅटर्न बाजारात आला, म्हणजे घेणाऱ्यांचा तिथेच पोपट. पीएस५ चा व्हीआर हेडसेट, पीएस व्हीआर२, तर निघाला तेव्हा ५४९ डॉलर ९९ सेंटचा, ज्या पीएस५ ला लावायचा त्याच्यापेक्षा महाग. ही सगळी यंत्रं गेम बनवणाऱ्यांच्या मर्जीवर जगतात, त्यांनी गेम काढले नाहीत की तुमचं कपाट भरलं. एसएसडीचं तसं नाही, त्याला कुणाच्या सपोर्टची गरज नाही, लावला की जागा वाढली. माझा पीएस५ जुना, ८२५ जीबीवाला, त्यात हातात येते ६६७ आणि हल्लीचे मोठे गेम एकेक १०० च्या वर. यूएसबी डिस्कवर पीएस५ चे गेम नुसते ठेवता येतात, खेळायचे तर परत आत कॉपी करत बसा. त्यामुळे ही खरेदी हौस नव्हती, गरज होती, आणि हे चोर बरोबर त्या गरजेवरच बसलेले असतात.

लिस्टिंग असं: २ टीबी, जेन४ (पीएस५ ला लागतो तो वेगवान प्रकार), ७,३०० एमबी पर सेकंद, “पीएस५ रेडी”, हीटसिंक आधीच बसवलेला. खोक्यावर नाव नामांकित कंपनीचं. विक्रेत्याचं रेटिंग ४.८. किंमत अर्धी वगैरे असती तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं, इथे बाकी ठिकाणांपेक्षा फक्त २० डॉलरने कमी होती. हे लोक आता “लूट लो ऑफर” लावत नाहीत, सेलमध्ये मिळेल एवढाच डिस्काउंट लावतात, म्हणून “स्वस्त दिसलं की सावध व्हा” वगैरे सल्ले मला देऊ नका.

आता तो क्षण, जो आठवला की अजून दात-ओठ खावेसे वाटतात. ड्राइव्ह बसवला, पीएस५ चालू केला, त्याने फॉरमॅट करायला सांगितलं, केलं. फॉरमॅट झाल्यावर कन्सोल स्वतःच रीड स्पीड मोजून दाखवतो. आकडा आला ३,४१८. खोक्यावर ७,३००, सोनीचं म्हणणं ५,५०० किंवा जास्त असावा, आणि समोर टीव्हीवर पांढऱ्या अक्षरात ३,४१८. तिथेच स्क्रू काढून पार्सल परत पाठवायचं होतं! पण मला सांगा, कन्सोलने ड्राइव्ह नाकारला नाही, लाल काही दाखवलं नाही, २ टीबी बरोबर दिसत होते आणि विक्रेत्याला विचारलं तर तासाभरात गोड उत्तर: “सर, पहिल्या टेस्टला कमी येतं, वापरात आल्यावर सेट होतं.” एसएसडी काय नवी चप्पल आहे का, वापरून सेट व्हायला? पण त्या वेळी पटलं, कुणालाही पटलं असतं. वर “काही प्रॉब्लेम आला तर डायरेक्ट मला सांगा सर, रिटर्न टाकू नका, मी बदलून देतो” हेही होतं. रिटर्न टाकू नका असं जो म्हणतो तो मुदत संपायची वाट बघत असतो, लक्षात ठेवा.

मुदत संपल्यावर सुरू झालं. गेम कॉपी करताना सुरुवातीला पळायचं आणि मग गाडी गचके खात उभी. मग गेम अधूनमधून गायब. शेवटी कन्सोलने एम.२ एसएसडी, म्हणजे हाच ड्राइव्ह, ओळखणंच सोडलं. नशीब की सेव्ह डेटा कन्सोलच्या आतच असतो, तो वाचला.

ड्राइव्ह पीसीला लावला तर एकदाचा दिसला. ड्राइव्हची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये मॉडेलचं नावच वेगळं, खोक्याशी काही संबंध नाही, चालू तास १४,२१२ आणि आयुष्य ९१ टक्के वापरलेलं. “नवा” म्हणून विकलेला! हीटसिंकला स्क्रू नव्हते, चिकट पॅडने थापलेला होता, तो उचकटला तर खाली एक स्टिकर नखाने खरवडल्यासारखा, अर्धा बारकोड शिल्लक. हीटसिंक आधीच बसवून का देतात ते तेव्हा कळलं, लेबल झाकायला. पीएस५ हे तास-टक्के काहीच दाखवत नाही आणि या लोकांना ते पक्कं माहीत असतं.

आता तक्रारीची गंमत. साइटवाल्यांचं पहिलं उत्तर, रिटर्नची मुदत संपली. फोटो पाठवले तर दुसरं उत्तर, हीटसिंक काढल्यामुळे वस्तू मूळ स्थितीत नाही. अरे, तो काढल्याशिवाय आत काय आहे ते दिसणार कसं? चॅटवर दर वेळी नवा माणूस, दर वेळी “मी तुमची अडचण समजू शकते”, दर वेळी पहिल्यापासून कहाणी, आणि शेवटी तोच पॅराग्राफ कॉपी-पेस्ट. खोक्यावरच्या कंपनीला सीरियल नंबर पाठवला, ते म्हणाले नंबर आमचाच आहे पण १ टीबीच्या दुसऱ्या मॉडेलचा, तुम्ही विक्रेत्याशी बोला. हेच लेखी द्या म्हटलं तर पॉलिसी नाही. कार्डवाले म्हणतात वस्तू मिळाली ना, मग बनावट असल्याचं कंपनीचं पत्र आणा. जे पत्र कंपनी देत नाही ते! सायबरला ऑनलाइन तक्रार टाकली तर “हा ग्राहक वाद आहे” म्हणून बंद. म्हणजे चोर एक आणि त्याच्या दारात पहारा देणारे चार.

घेणारच असाल तर हीटसिंक वेगळा घ्या, ड्राइव्ह हीटसिंकशिवायचा, लेबल दिसणारा. हीटसिंक आणि ड्राइव्ह मिळून जाडी ११.२५ मिमीच्या वर नको, नाहीतर बसणार नाही. कन्सोलमध्ये घालायच्या आधी कुणाच्या तरी पीसीला लावून चालू तास बघा, नव्याला ते जवळपास शून्य असतात. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, मी काढला नव्हता आणि सगळ्यांनी आधी तोच मागितला. फॉरमॅटनंतरच्या आकड्याचा फोटो काढाच. आणि विक्रेत्याशी गोड बोलत बसू नका, रिटर्न आधी टाका, बोलणं नंतर.

कालच परत शोधलं तर तेच लिस्टिंग तिथेच आहे, फोटो तोच, काळा हीटसिंक वर करून ठेवलेला, दुकानाचं नाव मात्र नवीन आणि रेटिंग ४.९. मी रिपोर्ट केलंय. “पडताळणी केली, नियमभंग आढळला नाही” असं उत्तर दहा मिनिटांत आलं.