फुगा की कंगवा?

भाचीला शाळेच्या प्रदर्शनात स्थिर विद्युत दाखवायची आहे. फुगा घ्यावा की प्लॅस्टिकचा कंगवा? दोन्हींत घडतं एकच: कोरड्या केसांवर घासलं की केसांतले इलेक्ट्रॉन (ऋण विद्युत प्रभाराचे अतिसूक्ष्म कण) त्यांच्यावर येतात; फुगा किंवा कंगवा ऋण होतो, केस धन.

खर्च किरकोळच. कंगवा वर्षानुवर्षं टिकतो, पण केसांना तेल असलं की कागदाचा कपटाही हलत नाही. जमलं तर मात्र बघत राहावं: कपटे टुणकन चिकटतात, मग त्यांनाही तोच प्रभार मिळाला की काही दूर उडतात. फुगा लवकर मऊ पडतो, पण भिंतीला चिकटलेला लांबून दिसतो.

नागपूरच्या डिसेंबरात दोन्ही जमतात. जुलैच्या दमट हवेत प्रभार टिकत नाही. वर्गासमोर फुगा, घरी जवळून समजून घ्यायला कंगवा.