सिलिकॉनचे ब्रेक ऑइल ठाण्याच्या दमट हवेत: जुन्या सीबीझेडवरचा अनुभव

डिस्क ब्रेकच्या जुन्या मोटरसायकली हौसेने सांभाळणाऱ्यांच्या बोलण्यात सिलिकॉनच्या ब्रेक ऑइलचे, म्हणजे डॉट ५चे (डॉट ही ब्रेक ऑइलची अमेरिकी मानकानुसारची प्रतवारी), नाव अधूनमधून निघतेच. माझ्याकडे पहिल्या पिढीची हिरो होंडा सीबीझेड आहे. तिला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहे, एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) नाही, आणि टाकीला नवा रंग दिलेला आहे. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती बहुतेक वेळ झाकून उभी असते आणि पावसाळ्यात तर बाहेर निघतच नाही. अशा गाडीचा विचार करूनच मी हे ऑइल मागवले, कारण ठाण्यातल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मला डॉट ३ आणि डॉट ४च दिसले.

डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही तिन्ही ग्लायकॉलवर आधारलेली ऑइले आहेत. ती हवेतली ओल शोषून घेतात, आणि खाडीकाठच्या आपल्या शहरात ओलीची वाण कधीच नसते. डॉट ४चा उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण पाणी मुरल्यावर १५५ अंशही मानकाला चालतो. म्हणूनच ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते. सिलिकॉन पाणी शोषत नाही आणि त्याची कोरड्या अवस्थेतली किमान मर्यादा २६० अंश आहे. त्याहून मोलाचे म्हणजे ते टाकीवर सांडले तरी रंगाला धक्का लागत नाही, उलट डॉट ४चा ओघळ वेळीच पाण्याने धुतला नाही तर रंग फुगून सोलला जातो. रंगकामावर पैसे आणि जीव ओतलेल्या माणसाला एवढे कारण पुरेसे वाटते, आणि मला ते आजही योग्य वाटते.

खरी कसोटी ऑइल भरताना लागते. सिलिकॉन आणि ग्लायकॉल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे जुने ऑइल काढून वरून नवे ओतणे हा मार्गच नाही. मास्टर सिलिंडर (लिव्हरजवळचा, ऑइलवर दाब देणारा भाग) आणि कॅलिपर (चाकाजवळ डिस्कला पकडणारा भाग) उघडून, स्वच्छ करून, पूर्ण वाळवून, नवे सील किट घालूनच काम करावे. ऑइल जांभळे असते, त्यामुळे कॅलिपरच्या निपलला (हवा आणि ऑइल बाहेर काढायच्या तोंडाला) लावलेल्या पारदर्शक नळीतून ते येताना स्पष्ट दिसते, आणि त्यातले साबुदाण्याहून बारीक बुडबुडेही दिसतात. ते चटकन वर येत नाहीत. म्हणून बाटली हलवायची नाही, ऑइल संथ धारेने ओतायचे, लिव्हर भराभर न दाबता सावकाश दाबायचा आणि हवा काढायच्या दोन फेऱ्यांमध्ये बराच वेळ जाऊ द्यायचा. घाईत हवा काढणाऱ्या गॅरेजला हे काम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एवढे करूनही लिव्हर डॉट ४इतका घट्ट लागत नाही, कारण सिलिकॉन दाबाखाली थोडे जास्त आकसते. येऊरहून उपवनकडे उतरताना वारंवार ब्रेक लावावा लागतो, तिथे हा किंचित मऊपणा बोटांना जाणवतो. गाडी थांबते, धोका वाटत नाही. पण ब्रेक नेमका किती लागला आहे याचा जो अंदाज डॉट ४मध्ये हाताला मिळतो, तो इथे पुसट होतो.

पाणी न शोषण्याच्या गुणाला दुसरी बाजूही आहे. रिझर्व्हॉयरच्या (ऑइलच्या डबीच्या) झाकणाच्या रबरातून किंवा सीलमधून जे थोडे पाणी आत येते, ते ऑइलमध्ये विरघळून पसरत नाही, तर जड असल्यामुळे तळाशी, म्हणजे कॅलिपरमध्ये, जाऊन बसते. तिथे ते धातूला गंज चढवते, आणि कॅलिपर तापल्यावर १०० अंशांच्या आसपासच त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून लिव्हर एकदम आत जातो. वर्षभर, भर पावसात, वाशी-ठाणे ये-जा करणाऱ्या गाडीत मी हे ऑइल कधीच भरणार नाही.

एबीएस असलेल्या गाडीत तर ते भरूच नये. एबीएसचे व्हॉल्व्ह ऑइल झपाट्याने सोडतात आणि रोखतात, त्यात सिलिकॉनला फेस येतो. आपल्याकडे एप्रिल २०१९पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे आहे, म्हणजे अलीकडच्या बहुतेक मोठ्या मोटरसायकली आपोआपच बाद होतात. हार्ले डेव्हिडसनने अनेक वर्षे डॉट ५ वापरून पुढे डॉट ४ स्वीकारले, हेही ध्यानात घ्यावे.

किंमत डॉट ४च्या कित्येक पट आहे, परंतु कमी चालणाऱ्या, रंग जपायच्या, एबीएस नसलेल्या जुन्या गाडीसाठी ती मला रास्त वाटते. तरीही ठरावीक काळाने कॅलिपरच्या निपलमधून थोडे ऑइल काढून त्यात पाणी आहे का ते पाहावे. डॉट ५.१ हे नावाने जवळचे असले तरी ग्लायकॉलचे आहे, त्यामुळे रिझर्व्हॉयरच्या झाकणावर ‘फक्त सिलिकॉन, डॉट ५’ अशी ठळक चिठ्ठी लावावी, म्हणजे सर्व्हिसिंगच्या वेळी कोणी दुसरे ऑइल वरून भरणार नाही.