बुर्ज खलिफाचं जोडायचं मॉडेल: मुलांसाठी घ्याच

नागपुरात बर्डीवरच्या एका खेळण्यांच्या दुकानातून भाचीसाठी फोम-पुठ्ठ्याचं बुर्ज खलिफा घेतलं. कात्री लागत नाही, खाचेत खाच बसवत जायचं. मी बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर, त्यामुळे नजर आधी तळाकडे गेली, आणि तिथंच मॉडेल आवडलं. मधोमध षटकोनी गाभा, त्याला तीन बाजूंनी टेकलेले तीन पंख, अगदी खऱ्यासारखे. 828 मीटरची ती इमारत याच रचनेवर उभी आहे: एका पंखावर वारा आदळला की बाकीचे दोन त्याला आधार देतात. बिल बेकर या अभियंत्याचं हे डोकं. वर जाताना पंख एकेक करून गोल फिरत आखूड होत जातात, म्हणून प्रत्येक उंचीवर आकार निराळा आणि वाऱ्याला सगळीकडे एकाच तालात झोके देता येत नाहीत. हे सगळं भाचीला बोट ठेवून दाखवता आलं, यातच पैसे वसूल झाले.

सूचनापत्रक मात्र कच्चं आहे. चित्रं फार बारीक, मराठी-हिंदीत काहीच नाही. काँक्रीटबद्दल तर एक ओळ नाही! दुबईच्या उन्हाळ्यात ते रात्री ओतलं, मिश्रणात बर्फ घालून. मे महिन्यात नागपुरात स्लॅब टाकणाऱ्याला विचारा त्याचं मोल.

वरचा सुळका सैल बसतो, थोडा फेव्हिकॉल लावा. चौथीच्या पुढच्या पोट्ट्यांनाच द्या; लहानांच्या हातात खाचा फाटतात.