सीलिंगला ओल आली: पावसाचं पाणी, टाकी-कूलरचं पाणी की घरातली वाफ?

दोन वर्षांआधी नागपुरात आमच्या मानेवाड्याच्या घरी वरच्या खोलीच्या सीलिंगला परातीएवढा पिवळा डाग आला. ठेकेदार आला, खालूनच बघितलं, म्हणाला स्लॅब लीक आहे, पूर्ण गच्चीला कोटिंग मारा. मारलं. पुढच्या एप्रिलमध्ये डाग परत ओला, आणि एप्रिलात रोज पाऊस येतो कुठं? शेवटी प्लंबरला सापडलं, टाकीचा पाईप जिथे स्लॅबमधून खाली उतरतो तिथला जॉइंट थेंब थेंब गळून राहिला होता. कोटिंगचा पैसा वाया गेला, म्हणून हे लिहून राहिलो, वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन लावायच्या आधी हे पाणी नेमकं कुठलं ते ठरवा.

पावसाचं पाणी असेल तर डाग पावसासोबत चालतो. झड लागली की काही तासांनी नाहीतर दुसऱ्या दिवशी डागाची कड पसरते, उघाड पडली की हळूहळू वाळते आणि मागे तपकिरी रिंगण, पांढरा खार, पुट्टीचे पोपडे उरतात. जागा बहुतेक पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या कडेला, पावसाळी पाईपाच्या तोंडाजवळ नाहीतर स्लॅबला चीर गेली तिथे. मे महिन्यात 45 डिग्रीत तापलेला स्लॅब, त्यावर जूनचा गार पाऊस, हे फुगणं-आकसणं दरवर्षीचंच, म्हणून पॅरापेट आणि स्लॅबच्या जोडावरचा सिमेंटचा वाटा, म्हणजे त्या कोपऱ्यात भरलेली सिमेंटची पट्टी, आधी सुटते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, गच्चीवर जुना विटांचा कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) असेल तर पाणी कोब्यात साचून राहतं आणि पाऊस थांबल्यावरही कितीतरी दिवस खाली झिरपत राहतं, त्यामुळे ऑक्टोबरात ओल दिसली म्हणून पावसाचं नाही असं लगेच ठरवू नका.

टाकीच्या किंवा पाईपाच्या पाण्याला मोसम नसतो. डिसेंबर असो की मे, डाग ओलाच, आणि टाकी भरली की जास्त. कूलरचं जरा वेगळं. गच्चीवर किंवा खिडकीच्या सज्ज्यावर कूलर असेल, त्याची टाकी ओव्हरफ्लो होत असेल नाहीतर पाण्याचा पाईप निसटला असेल, तर ओल मार्च-एप्रिलपासून सुरू होते. मग कूलर बंद होतो तोवर पावसाळा लागतो, डाग तसाच राहतो आणि सगळा दोष पावसावर जातो. नागपुरात घरोघरी कूलर आहेत, म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा की डाग पहिल्यांदा दिसला कोणत्या महिन्यात.

तिसरी घरातली वाफ. हिवाळ्यात रात्री उघड्या आभाळाखाली स्लॅब थंडगार पडतो, आत खिडक्या बंद, गिझरची वाफ, स्वयंपाकाची वाफ, खोलीतच वाळत घातलेले कपडे, आणि ती वाफ सीलिंगला जाऊन बसते. याला तपकिरी रिंगण सहसा नसतं, बाथरूम-किचनच्या कोपऱ्यात काळे ठिपके पडतात, बुरशीचा वास येतो. इथे गच्चीवर कितीही खर्च केला तरी फरक पडणार नाही, एक्झॉस्ट फॅन लावा, खिडकी उघडी ठेवा.

आता तपासायचं कसं. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, बाजूला तारीख लिहा, फोटो काढा, हे फुकटात होतं आणि यानेच अर्धा निकाल लागतो. रात्री टाकीत पाणी येणं आणि जाणं, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून पातळीची खूण करा, सकाळी पाणी उतरलं तर गळती टाकीतच किंवा व्हॉल्व्हच्या आधी. दुसऱ्या रात्री जायचा व्हॉल्व्ह उघडा पण घरातले सगळे नळ बंद, आता उतरलं तर खालच्या लाईनमध्ये. वाफेची शंका असेल तर डाग कोरडा पुसून त्यावर फूटभर फॉईल चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि एक-दोन दिवसांनी बघा. खोलीच्या बाजूला दव जमलं तर वाफ, फॉईलच्या मागे सीलिंगकडून ओलं झालं तर पाणी स्लॅबमधून येतंय.

गच्चीवर पाणी भरून बघणं सगळ्यात शेवटी, कोरड्या दिवसांत. आऊटलेट बंद करून मातीचा बांध घाला आणि गच्चीचा एकेक भाग करून इंचभर पाणी किमान 24 तास ठेवा, 48 ठेवलं तर चांगलंच. पूर्ण गच्ची एकदम भरू नका, 100 चौरस फुटावर इंचभर पाणी म्हणजे 230 किलोच्या वर वजन होतं, जुन्या स्लॅबवर आधी इंजिनिअरला विचारा. आणि थेंब जिथे पडतो तिथेच वर भोक असेल असं समजू नका, स्लॅबमधल्या वायरच्या पाईपातून पाणी दूर चालत जातं. पंख्याच्या हुकातून टपकत असेल तर आधी त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा वीज तोडायचा स्विच, पाडा.

पाऊसच निघाला तर माझं मत असं, बारीक चिरांना कोटिंग चालतं पण काही वर्षांनी परत मारावं लागतं. वाटा सुटला असेल तर आधी तो तोडून नवा करा, त्याच्यावरूनच कोटिंग ओढलं तर टिकत नाही. कोबा पोकळ वाजत असेल तर काढूनच टाकावा लागतो, वरून थर चढवला की वजन वाढतं आणि पाणी आतच राहतं. आणि डागात गंजाचा लाल रंग दिसला, सळीच्या रेषेत प्लास्टर सुटून राहिलं, तर या तिन्हींपैकी काहीही करायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा आणि तोवर त्याखाली पलंग ठेवू नका.