शोपँचे पहिले बॅलड की चौथे?

पियानो शिकताना यातले आधी कोणते घ्यावे? शोपँ या संगीतकाराची ही दोन्ही बॅलड (कथा सांगावी तशा लांब पियानोरचना) अवघड, पण अवघडपणाची जात वेगळी. पहिल्याचा (जी मायनर, ओपस २३, प्रकाशन १८३६) धसका असतो तो शेवटच्या 'प्रेस्टो कॉन फुओको' (अतिशय जलद, आवेशाने) या भागामुळे. डावा हात लांब उड्या मारतो, उजवा सुसाट सुटतो. तरी हा भाग सुटा काढून संथ लयीत घोटला की हळूहळू बसतो. बाकीचे बरेचसे बॅलड हाताला सोसवते.

चौथे (एफ मायनर, ओपस ५२, रचना १८४२) मला कितीतरी कठीण वाटते. मूळ चाल परत येते तेव्हा तिला नवे पदर फुटलेले असतात. मध्यावर तर तीच चाल एकामागून एक आवाजांत (एकाच वेळी चालणाऱ्या स्वरांच्या ओळींत), पाठलाग करत येते. करंगळीने एक ओळ गाती ठेवायची आणि त्याच हाताच्या उरलेल्या बोटांनी दुसरी दबकी वाजवायची. वेग फारसा नाही, तरी घाम फुटतो! पुढे पाच अगदी हळुवार कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर), आणि लगेच कोडा (समारोपाचा भाग) कोसळतो: दुहेरी स्वरांची दाटी, श्वासाला जागाच नाही.

म्हणून आधी पहिलेच घ्या. चौथे सुरू करताना प्रत्येक आवाज वेगळा ऐकणारे शिक्षक शेजारी हवेतच.